मानसाला बघायला आले तेव्हा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मानसाचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं. थोडंथोडकं नाही, पोटभर. पुढे गल्लीतल्या बायका माझ्याबद्दल जे काही बोलल्या, त्यातलं वाईट सगळं खरं आहे आणि चांगलं त्यांनी पदरचं घातलेलं आहे.

मानसा आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसतो. मल्लन्नपेटच्या सरकारी शाळेत बारावीला आम्ही अकरा मुली आहोत आणि अकराही जणींच्या घरी विड्या वळतात. संध्याकाळी आमच्या गल्लीतून चाललात तर प्रत्येक उंबऱ्यात एक सूप, सुपात पानं, आणि सुपामागे कुणाची तरी आई दिसेल. मानसाची आई, जिला मी भूदेवीअत्ता म्हणजे भूदेवीआत्या म्हणते, आणि माझी अम्मा दोघी एकाच कारखान्याला विड्या घालतात. फरक एवढाच, की माझे बापू मस्कतला असतात आणि मानसाचे वडील ती चौथीत असताना गेले. म्हणून आमच्या घराला स्लॅब आहे, त्यांच्या घरावर पत्रा.

अभ्यासात आम्ही दोघी मागेपुढे. पण बोलण्यात मी पुढे, आणि हे मी कमावलंय. नववीपर्यंत मी वर्गात उभी राहिले की माझे गुडघे आधी बोलायचे, तोंड नंतर. मग गेल्या दसऱ्याच्या आधी जिल्ह्याची भाषणस्पर्धा झाली. सरांनी बळंच नाव घातलं आणि मी पहिली आले. पितळी दांड्याचा, वर निळा तारा असलेला चषक मिळाला. त्या दिवसापासून मला माझाच आवाज इतका आवडायला लागला की अम्मा म्हणते, "देवा, हिला चषक दिलास तसं एक झाकणही द्यायचं होतंस."

मानसा बोलत नाही. गप्प बसते, मान तिरकी करते, आणि मास्तरांना वाटतं केवढा विचार करते ही मुलगी! मी चार पानं निबंध लिहिते, ती दीड. आणि वर्गात वाचून दाखवतात ते दीड पान. तिची वेणी कमरेखाली येते. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. तिला इंग्रजीतले उच्चार कुणी शिकवले? मी. हे सगळं मनात साचत होतं, पण तोवर मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मानसा माझी जिवाची मैत्रीण आहे. होतीच. आहेच. या दोन गोष्टी एकाच पोटात मावतात, हे मला यंदा कळलं.

झालं असं, की हैदराबादच्या एका ट्रस्टने विडी कामगारांच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती काढली. तीन वर्षं मुलींच्या विद्यापीठात शिकायचं. फी त्यांची, वसतिगृह त्यांचं, जेवण, पुस्तकं, इतकंच काय, सणाला घरी यायचं बसभाडंसुद्धा त्यांचं. आमच्या तालुक्यातून एकच मुलगी घेणार होते. निबंध मागवून तालुक्यातली दोन नावं निवडली गेली, माझं आणि मानसाचं. आता घर बघून एक ठरणार होतं.

आधी आमच्याकडे आले. एक मॅडम होत्या, सुती साडी, खांद्याला झोळी. अम्माने त्यांना सोफ्यावर बसवलं, फ्रिजमधलं गार पाणी दिलं. मी त्यांच्याशी अर्धा तास बोलले. अर्धा तास! त्या हसल्या, मान डोलावली, कागदावर काहीबाही लिहिलं. मला वाटलं, झालंच. मी मनात हैदराबादला पोचून खिडकीजवळची खाटसुद्धा पकडली होती.

त्यांना सोडायला मी एकटीच रस्त्यापर्यंत गेले. रिक्षात बसण्याआधी त्या म्हणाल्या, "वर्षिता, हुशार आहेस तू. पण बेटा, तुमच्याकडे फ्रिज आहे, चकचकीत फरशी आहे, वडील परदेशात कमावतात. यातलं काहीच ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी हे पैसे आहेत. तुझं नाव दुसरं ठेवते. त्या दुसऱ्या मुलीच्या घरी काही वेगळं निघालं, तर तुझा विचार होईल."

रिक्षा गेली. मी तिथेच उभी.

ती फरशी बापूंनी का घातली माहीत आहे? उद्या मला बघायला पाहुणे येतील तेव्हा घर दिसायला नको का, म्हणून. फ्रिजही त्यासाठीच. बापू दर फोनला सांगतात, "पोरीचं लग्न दणक्यात करू." शिक्षणाचं विचारलं की म्हणतात, "तालुक्याला डिग्री कॉलेज आहे की, बसने जा." म्हणजे माझ्या लग्नासाठी घातलेल्या फरशीवरून माझं शिक्षण घसरून पडलं. गरीब म्हणावं तर आम्ही पुरेसे गरीब नाही, आणि आहे ते माझ्या शिक्षणासाठी नाही.

घरी परत येईपर्यंत गल्ली दारात गोळा झाली होती. राजव्वा सगळ्यात पुढे. गल्लीतली निम्मी लग्नं राजव्वाने जमवली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना ती नावं ठेवते.

"काय गं, काय म्हणाली बाई?"

नाकारलं, हे माझ्या तोंडून निघेना. जिल्ह्यात पहिली आलेली मी! मी म्हटलं, "खूश झाल्या. घर फार आवडलं म्हणाल्या. पण मीच नको म्हटलं."

"नको म्हटलंस?"

"अम्मा इथे एकटी पडेल ना," मी म्हटलं, आणि वर एक उसासाही टाकला.

अम्माने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला चटका बसावा तसा लागला, पण मी हलले नाही.

त्या एका थापेचं पुढे काय झालं बघा.

आठवड्याने निरोप आला, रविवारी मानसाचं घर बघायला माणूस येणार. आता, आमच्या गल्लीत 'मुलीचं घर बघायला पाहुणे येणार' या वाक्याचा एकच अर्थ होतो. राजव्वाने पदर खोचला. ती सगळ्यांना बिड्डा म्हणते, म्हणजे लेकरू.

"भूदेवी, काही काळजी करू नकोस बिड्डा. आजवर मी लावलेल्या बघण्यातून एक पोरगी परत आली नाही. हैदराबादचं स्थळ आहे, म्हणजे ट्रस्ट आहे, तेच ते. दिसायला सगळं भरलेलं हवं."

भूदेवीअत्ता भित्रट बाई. ती संध्याकाळी आमच्याकडे आली, उंबऱ्यातच बसली आणि अम्माला नाही, मला विचारलं, "वर्षी, तुमच्याकडे बाई आल्या तेव्हा काय काय मांडलं होतं गं? काय आवडलं त्यांना?"

बघा, इथे मी खरं सांगू शकत होते. अत्ता, काही मांडू नका, असेल तसं दाखवा, त्यांना तेच हवं असतं. एवढी तीन वाक्यं. पण ती सांगायची तर चौथंही सांगावं लागलं असतं, की मला हे कसं कळलं. आणि खरं म्हणजे, त्याहीपेक्षा, माझ्या डोक्यात मॅडमचं ते वाक्य घुमत होतं. काही वेगळं निघालं, तर तुझा विचार होईल.

"सोफ्यावर बसल्या," मी म्हटलं. "गार पाणी प्यायल्या. सोफा न्या ना अत्ता. तुमच्याकडे बाजेवर कुठे बसतील?"

"नेऊ का गं सरोजा?" तिने अम्माला विचारलं.

"विचारतेस काय! तुझी पोरगी माझी पोरगी," अम्मा म्हणाली. "माझी साखळी पण घाल तिच्या गळ्यात."

आणि मग मी, स्वतःहून, कुणी न विचारता म्हटलं, "फ्रिज पण न्या."

अम्मा माझ्याकडे बघतच राहिली. भूदेवीअत्ताचे डोळे भरून आले. "एवढं मोठं मन कुणाचं असतं गं, बिड्डा," म्हणाली. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी मानसाने मला नळावर गाठलं. ती फार क्वचित सलग तीन वाक्यं बोलते, त्या दिवशी बोलली.

"वर्षी, हे सगळं कशाला गं? मला नाही बरं वाटत. आहे तसं दिसू दे ना. तू सांग आईला, तुझं ऐकेल ती."

"आमच्याकडे सगळं होतं, तरी त्यांनी मला निवडलंच ना? मीच नको म्हटलं," मी म्हटलं आणि घागर उचलली. घागर भरली नव्हती. अर्धीच घेऊन आले.

रविवारी सकाळी फ्रिजची वरात निघाली. चार माणसांनी हातगाडीवर चढवला, दोघांनी मागून धरला, राजव्वा पुढे चालत ओरडत होती, "आडवा नका करू रे मेल्यांनो, आडवा केला की बिघडतो!" पोरं मागे नाचत होती. सोफा त्याच्या आधीच गेला होता. शेजारून काचेचे पेले आले, कुणी दाराला पडदा दिला, कुणी टेबलफॅन. मानसाच्या घरात एकच खोली. सोफा आणि फ्रिज गेल्यावर माणसाला उभं राहायला जागा उरली नाही. फ्रिज कोपऱ्यात उभा राहिला, नवरदेवासारखा, आणि त्याची वायर मागे लोंबत राहिली, कारण त्या घरात बटण एकच, दिव्याचं.

"विड्यांचं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"झाका," राजव्वा म्हणाली. "गावचं स्थळ असेल तर विडी कामगाराचं कार्ड दाखवायचं, पोरगी कमावती आहे कळतं. हैदराबादची माणसं नाक मुरडतात."

मग मानसाला तयार केलं. अम्माची साखळी, कुणाचे तरी झुमके, मोरपंखी रंगाची साडी. मी खिडकीशी उभी होते. ती आरशात बघत नव्हती, आणि तरीही अशी दिसत होती, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या अम्माची साखळी माझ्या गळ्यात कधी अशी शोभली नाही. राजव्वा तिला शिकवत होती, "मान खाली. विचारलं तेवढंच बोलायचं. हसायचं नाही, पण रडवेलंही दिसायचं नाही."

साडेदहाला पाहुणे आले. या वेळी त्या मॅडम नव्हत्या, एक वयस्क सर होते, कृष्णमाचारी नावाचे. बारीक अंग, हातात फाइल, पायात झिजलेल्या चपला. बस स्टँडवरून चालत आले होते. सोफ्याच्या अगदी कडेला बसले, जणू काही तो ओला आहे. समोर सकिनालूंची, म्हणजे तांदळाच्या चकल्यांची, परात आली. संक्रांत आठवड्यावर होती, प्रत्येक घरातून दोनदोन आली होती, तळण्याचा रंग प्रत्येकीचा वेगळा.

मी बाहेरच्या खिडकीच्या गजांना धरून उभी. शेजारी गल्लीतल्या दहाबारा बायका. आतमध्ये भूदेवीअत्ता, राजव्वा, चहाचा ट्रे घेतलेली माझी अम्मा, आणि खाली बघणारी मानसा.

"फ्रिज कधी घेतलात?" सरांनी विचारलं.

भूदेवीअत्ताने राजव्वाकडे बघितलं. मागून आणलेली वस्तू पाहुण्यांपुढे मागून आणली म्हणायची नसते. देणाऱ्याचा तो अपमान असतो.

"दोन वर्षं झाली," राजव्वाने ठोकून दिलं.

सरांनी लिहिलं. मी बाहेरून त्यांच्या पेनाकडे बघत होते. 

"सोफा?"

"आमचाच," राजव्वाच म्हणाली.

लिहिलं.

"साखळी सोन्याची?"

"चोख," राजव्वा म्हणाली. "आम्ही खोटं घालत नाही पोरींच्या अंगावर."

लिहिलं. सरांचा चेहरा पडत चालला होता. त्यांनी फाइलमधून एक कागद काढला, मला लांबूनही ते छापल्यासारखं अक्षर ओळखू आलं. मानसाचं दीड पान.

"हिने निबंधात लिहिलंय, आईच्या बोटांना झोपेतही वळायची सवय आहे, ती झोपेत माझ्या वेणीचं टोक वळत असते. तुम्ही विड्या वळता ना अम्मा?"

ते वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं. इतकं चांगलं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. मला त्या क्षणी ते वाक्य चोरावंसं वाटलं.

भूदेवीअत्ताने दोन्ही हात पदराखाली घेतले. राजव्वा म्हणाली, "छे हो साहेब! कुठलं काय! पोरीने लिहायचं म्हणून लिहिलंय. भूदेवीच्या हाताला तंबाखूचा वास आला तर माझं नाव बदला, हुंगून बघा!"

"म्हणजे विडी कामगार नाही?"

"नाही नाही नाही," राजव्वा म्हणाली.

सरांनी पेनाचं टोपण लावलं. संपलं, मी मनात म्हटलं. आता माझं नाव. गल्लीला काय सांगायचं तेही माझं ठरलेलं होतं, फार विनवण्या केल्या हो, मग मी हो म्हटलं. सर उठले. निघता निघता त्यांची नजर भिंतीवरच्या फळीवर गेली.

"अरे, हा चषक कसला?"

मीही बघितलं. पितळी दांडा. वर निळा तारा.

मी सकाळी फ्रिजच्या मागे धावत होते तेव्हा राजव्वाने 'फळीवर काहीतरी चमकणारं हवं' म्हणून अम्माकडून तो मागून नेला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त तो दिसला. माझा चषक मानसाच्या फळीवर.

"पोरीचाच," भूदेवीअत्ता हळू आवाजात म्हणाली. आता तिलाही सवय झाली होती. "भाषणात पहिली आली."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "भाषणात! वा! जिल्ह्यात पहिली? कोणत्या विषयावर बोललीस गं?"

मानसाने मान वर केली. तिने सरांकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे.

"लाजते," राजव्वा म्हणाली. "बोलली की ऐकत राहावं असं बोलते हो."

"माझा आहे तो!"

हे कोण ओरडलं ते मला आधी कळलंच नाही. मग सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या तेव्हा कळलं. मी खिडकी सोडून दारातून आत घुसले होते.

"माझा चषक आहे! मी मिळवलाय! विषय होता 'आमच्या गावाचं पाणी', साडेसात मिनिटं बोलले मी, विचारा कुणालाही! हिला नाही येत बोलता, ही तोंड उघडत नाही! सगळं हिचंच कसं? निबंध हिचा, वेणी हिची, आणि आता चषक पण हिचा?"

"वर्षी!" अम्मा ओरडली.

पण मी सुटले होते. जिभेला ब्रेक नव्हता. "आणि सोफा पण आमचा आहे! फ्रिज आमचा! साखळी माझ्या अम्माची! पेले समोरच्यांचे, पडदा कोपऱ्यावरच्यांचा, पंखा कुणाचा मला माहीत नाही, पण हिचा नाही! हिचं काहीच नाही यातलं!"

खिडकीतल्या बायका गजांमधून आत डोकावायला लागल्या.

राजव्वाने आधी तोंड उघडलं. "साहेब, पोरगी वेडी आहे. फ्रिज ह्यांचाच आहे."

"वायर बघा ना!" मी म्हटलं. "कुठे लावलीय? या घरात बटण आहे का? दार उघडून बघा, गार आहे का!"

सरांनी फ्रिजचं दार उघडलं. आणि आतून तंबाखूचा असा भपका आला, की ते दोन पावलं मागे सरले. खालच्या कप्प्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मधल्या कप्प्यात सूप उभं कोंबलेलं. दारातल्या अंड्यांच्या खाचांमध्ये, हारीने मांडलेली, वळलेल्या विड्यांची बंडलं.

"पानं सुकली असती बाहेर," भूदेवीअत्ता कशीबशी म्हणाली. "आजचे हजार घालायचे होते."

सर हसले नाहीत. ते परत सोफ्यावर बसले, या वेळी नीट, मागे टेकून, आणि पेनाचं टोपण काढलं.

"गेल्या आठवड्यात एका घरी शेजाऱ्याची म्हैस बांधलेली होती," ते म्हणाले. "बसा अम्मा. आता कार्ड दाखवा. आणि मुली, तू कोण?"

"वर्षिता. यादीतली दुसरी."

"दुसरी? मग तू हे का सांगितलंस?"

"चषक माझा आहे म्हणून," मी म्हटलं. यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

राजव्वा मात्र चिडून लाल. "अगं पण तूच म्हणालीस ना, बाई खूश झाली, घर आवडलं, तू नको म्हटलंस? तुझं ऐकून तर एवढा पसारा मांडला आम्ही!"

"मी नको म्हटलं नव्हतं," मी म्हटलं. "त्यांनीच मला नाकारलं. फ्रिज आहे म्हणून. फरशी आहे म्हणून."

अम्माने ट्रे खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पुढची वीस मिनिटं सरांनी एकएक ओळ खोडली. कार्ड बघितलं, पत्रा बघितला, भूदेवीअत्ताची बोटं बघितली. मानसाशी बोलले. ती मान वर करून बोलली, हळू, पण बोलली. मी बाहेर येऊन हातगाडीवर बसले होते. एकही बाई माझ्या शेजारी बसली नाही.

सर गेल्यावर राजव्वाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दिलेली वस्तू पाहुण्यांदेखत परत मागणारी पोर! सरोजा, हिच्यासाठी स्थळ शोधायला मला सांगू नकोस." आणि ती नुसती धमकी नव्हती, गल्लीच्या कायद्याने मला शिक्षा झाली होती. भूदेवीअत्ता माझ्याशी बोलली नाही. तिने साखळी फडक्यात बांधून अम्माच्या हातात दिली, फ्रिज आतून बाहेरून पुसून परत पाठवला, चषकही पुसला. आमचा फ्रिज अजून तंबाखूच्या वासाचा आहे. दही लावलं तर विडी प्यायल्यासारखं लागतं.

सोमवारी शाळेत मानसा नेहमीसारखी माझ्या शेजारी येऊन बसली. मधल्या सुट्टीत डबा उघडत म्हणाली, "फ्रिज तूच सुचवलास ना? तुला माहीत होतं."

"हो."

"मला पण माहीत होतं."

"काय?"

"नळावर तू अर्धीच घागर घेऊन गेलीस. तेव्हाच कळलं, तू खोटं बोलतेयस."

"मग तू का नाही सांगितलंस आईला?"

मानसाने लोणचं माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवलं. "सांगणार होते. पण सकाळी फ्रिज आला ना, तेव्हा आई त्याचं दार उघडायची, मिटायची. परत उघडायची. आतमध्ये काही नव्हतं, तरी. मला नाही सांगवलं." मग म्हणाली, "आणि मला वाटलं, तू सांगशील. शेवटपर्यंत वाटत होतं. मी खिडकीकडेच बघत होते."

"मी तुझ्यासाठी नाही ओरडले. चषकासाठी ओरडले."

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "तुझा चेहरा बघितलास का तू? मांजरीचं पिल्लू उचललं की ती अशी दिसते."

मला रागही आला आणि हसूही आलं. मी तिचं लोणचं खाऊन टाकलं, सगळं.

फेब्रुवारीत पत्र आलं. मानसाची निवड झाली, बारावीला पंचाहत्तर टक्के पडले की जागा पक्की. मुख्याध्यापकांनी पत्र वर्गात वाचलं. वसतिगृह, जेवण, पुस्तकं, बसभाडं. प्रत्येक शब्दाला मला सुई टोचत होती. टाळ्या मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या, तळवे लाल होईपर्यंत, कारण नाहीतर मी काय केलं असतं ते मलाच माहीत नाही. भूदेवीअत्ता घरोघरी पेढे वाटत आली. आमच्या दारात थांबली, अम्माच्या हातावर पेढा ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि एक पेढा माझ्यासाठी उंबऱ्यावर ठेवून गेली. हातात नाही दिला. मी तो खाल्ला. बायका आता म्हणायला लागल्या आहेत, "वर्षीने स्वतःचं सोडून मैत्रिणीचं केलं, मन मोठं पोरीचं." राजव्वासुद्धा! मी दर वेळी सांगते, तसं नाही, मी जळत होते. त्या म्हणतात, "बघा, विनयसुद्धा आहे." काय करणार?

अम्माने त्या रविवारनंतर कित्येक दिवस विषयच काढला नव्हता. पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही दोघी विड्या वळत बसलो होतो. धागा दातांनी तोडत ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तू माझ्यासाठी राहिलीस."

"नाही."

"तुला जायचं होतं."

"हो."

"अजून जायचंय?"

तिने सूप बाजूला सारलं, हात पुसले आणि बापूंना फोन लावला. आमच्याकडून सहसा फोन लागत नाही, तेच लावतात. ते घाबरले. "काय झालं सरोजा?"

"पोरीला बोलायचंय," अम्मा म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

पडद्यावर बापू, डोक्याला टॉवेल, मागे लोखंडी खाटांची रांग. मी जिल्ह्यात पहिली आलेली. आणि माझे गुडघे परत बोलायला लागले, नववीतल्यासारखे.

"बापू, मला हैदराबादला शिकायचंय. विद्यापीठात."

ते म्हणाले, "मानसाला मिळालं म्हणून?"

अम्मा माझ्याकडे बघत होती. मी म्हणू शकले असते, नाही, लहानपणापासूनचं स्वप्न आहे वगैरे. भाषणात मी तसंच म्हटलं असतं.

"हो," मी म्हटलं. "मानसाला मिळालं म्हणून. ती गेली आणि मी इथे राहिले तर मी जळून खाक होईन, बापू. तुम्ही दणक्यात लग्न केलं तरी राख कोण नेणार?"

तिकडे कुणीतरी हिंदीत त्यांना जेवायला हाक मारत होतं. त्यांनी हाताने थांब म्हटलं. त्या माणसाला नाही, मला वाटतं मलाच. 

"किती वर्षं शिकायचं असतं ते?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"अम्माला फोन दे."

मी दिला नाही. आधी फी सांगितली, मग वसतिगृह सांगितलं, मग परीक्षेला सत्तावीस दिवस राहिले आहेत आणि मी मानसाच्या पुढे येणार आहे हे सांगितलं, सगळं सांगून झाल्यावर थोडा श्वास घेतला आणि परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.